संभाव्यता-कूटे व अध्याहृत गृहीतके

संभाव्यता-कूटे व अध्याहृत गृहीतके : संभाव्यता सिद्धांतातील काही प्रश्न दिसण्यात सोपे असूनही त्यांना एकाहून अधिक उत्तरे मिळतात आणि प्रत्येक उत्तराचे गणित निर्दोष असते. अशा प्रश्नांना संभाव्यता-कूटे म्हणतात. उत्तरांतील हा भेद बहुधा आकडेमोडीच्या चुकीतून उद्‌भवत नाही. प्रश्नात शब्दांनी न सांगितलेल्या, परंतु सोडविणाऱ्याने मनोमन स्वीकारलेल्या अटींमधून तो उद्‌भवतो. या अटींना अध्याहृत गृहीतके म्हणतात. शक्यतांची यादी कोणती, त्या समसंभाव्य आहेत काय, घटना एकमेकींपासून स्वतंत्र आहेत काय, मिळालेली माहिती कोणत्या मार्गाने मिळाली आणि गतकाळातील प्रमाण पुढेही टिकेल काय, या पाच बाबींविषयीची गृहीतके सर्वांत महत्त्वाची होत. ती स्पष्ट केल्यावर कूट उरत नाही. वेगवेगळ्या प्रश्नांची वेगवेगळी उत्तरे तेवढी उरतात.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : नाणे दोनदा उडविले असता निदान एकदा छाप पडण्याची संभाव्यता किती, या प्रश्नाला फ्रेंच गणितज्ञ झां ल राँ दालांबेअर (१७१७–८३) यांनी फ्रेंच विश्वकोशातील १७५४ मधील आपल्या नोंदीत २/३ असे उत्तर दिले होते. पहिल्याच वेळी छाप पडल्यास खेळ संपतो, म्हणून ‘छाप’, ‘काटा व नंतर छाप’ आणि ‘काटा व नंतर काटा’ अशा तीनच शक्यता त्यांनी मानल्या व त्या तिन्ही समसंभाव्य धरल्या. प्रत्यक्षात पहिल्या शक्यतेची संभाव्यता १/२ व उरलेल्या दोहोंची प्रत्येकी १/४ असल्याने उत्तर ३/४ येते. शक्यतांची यादी करणे आणि त्या समसंभाव्य मानणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे या उदाहरणावरून स्पष्ट झाले.

प्येअर सीमाँ लाप्लास (१७४९–१८२७) यांनी संभाव्यतेची व्याख्या अनुकूल शक्यतांचे एकूण समसंभाव्य शक्यतांशी असलेले गुणोत्तर अशी केली. या व्याख्येची मर्यादा झोझेफ बर्त्रां (१८२२–१९००) यांनी १८८९ मध्ये दाखवून दिली. वर्तुळात यदृच्छया काढलेली जीवा त्यात आंतरलिखित केलेल्या समभुज त्रिकोणाच्या बाजूपेक्षा मोठी असण्याची संभाव्यता किती, हा त्यांचा प्रश्न होता. जीवेची टोके परिघावर यदृच्छया घेतल्यास उत्तर १/३ येते. जीवेचा मध्य एका त्रिज्येवर यदृच्छया घेतल्यास १/२ येते आणि तो वर्तुळाच्या क्षेत्रात यदृच्छया घेतल्यास १/४ येते. ‘यदृच्छया’ या शब्दानेच तीन निरनिराळ्या कृती झाकल्या होत्या. आंद्रेई कोल्मोगोरोव्ह (१९०३–८७) यांनी १९३३ मध्ये संभाव्यतेची स्वयंसिद्धकांवर आधारलेली मांडणी केली. तीत कोणत्याही गणनेपूर्वी शक्यतांचा संच आणि त्यावरील संभाव्यता निश्चित करून घ्याव्या लागतात. या मांडणीने कूटे नाहीशी झाली नाहीत. मात्र ती कोठे लपतात हे कळू लागले.

बारामती व इंदापूर तालुक्यांचे उदाहरण : बहुतेक कूटे फासे, पत्ते व नाणी यांवर रचलेली असतात आणि तेथे उत्तर चुकल्यास फारसे बिघडत नाही. जेथे नेमके हेच प्रश्न पीक, पाणी व सारा यांच्या रूपाने उभे राहिले, असा प्रदेश म्हणून पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हे तालुके उदाहरणादाखल घेता येतात. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश नीरा व भीमा या नद्यांच्या दरम्यान असून त्या दोन्ही नद्यांचा संगम इंदापूर तालुक्यात नीरा-नरसिंहपूर येथे होतो. जिल्ह्याच्या पश्चिम कडेला लोणावळ्यास वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. या तालुक्यांत तो सु. ५०० मिमी.च्या आसपास असून अत्यंत अनिश्चित आहे. कोरडवाहू शेतीचे मुख्य पीक रब्बी ज्वारी असून ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर अवलंबून असते. नीरा डावा कालवा (१८८५) व भीमेवरील उजनी धरण (१९८०) यांमुळे तालुक्यांचा काही भाग बागायती झाला, तरी कालव्यापासून दूर असलेल्या गावांचा प्रश्न पावसाशीच निगडित राहिला.

घटनेची व्याख्या : ‘वाईट वर्षाची संभाव्यता किती’ असे विचारताना वाईट वर्ष कशास म्हणावे हे प्रथम ठरवावे लागते. हवामानशास्त्रात पावसाळ्यातील पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी झाल्यास अवर्षण मानतात. महसूल व्यवस्थेत परंपरेने पिकाची पैसेवारी पाहिली जाई व ती ५० पैशांहून कमी असल्यास टंचाई मानली जाई. या दोन व्याख्या एकाच वर्षाला लागू होतीलच असे नाही. जून-जुलैत भरपूर पाऊस होऊन सप्टेंबर कोरडा गेला, तर पावसाची बेरीज सरासरीजवळ राहूनही रब्बी ज्वारी हातची जाते. उलट बेरीज कमी असूनही पाऊस वेळेवर पडल्यास पीक साधते. व्याख्या बदलली की संभाव्यताही बदलते. यापुढील गणनांत सोयीसाठी कोणत्याही वर्षी वाईट वर्षाची संभाव्यता १/४ मानली आहे. हा प्रत्यक्ष मोजलेला आकडा नव्हे.

चारांतील एक वर्ष : संभाव्यता १/४ म्हणजे दर चार वर्षांत एक वर्ष वाईट, असा अर्थ सर्रास लावला जातो. त्यात दोन अध्याहृत समजुती असतात : वाईट वर्षे ठरावीक पाळीने येतात आणि तीन चांगल्या वर्षांनंतर येणारे वर्ष वाईटच असते. वर्षे एकमेकांपासून स्वतंत्र मानल्यास कोणत्याही चार वर्षांत एकही वाईट वर्ष नसण्याची संभाव्यता ८१/२५६, म्हणजे सु. ३२ टक्के येते. नेमके एक असण्याची १०८/२५६, म्हणजे सु. ४२ टक्के आणि दोन किंवा अधिक असण्याची ६७/२५६, म्हणजे सु. २६ टक्के येते. म्हणजेच ‘चारांत एक’ हे वचन निम्म्याहून अधिक वेळा शब्दशः खोटे ठरते. तरीही १/४ हा आकडा खराच असतो. एका वाईट वर्षापुरते धान्य वा कडबा साठवून निश्चिंत राहणाऱ्या कुटुंबाला चार वर्षांच्या सु. चार कालखंडांपैकी एकात दुसऱ्या वाईट वर्षाला तोंड द्यावे लागते.

दोन वर्षांचे कूट : लागोपाठच्या दोन वर्षांपैकी एक वर्ष वाईट होते असे कळले, तर दोन्ही वर्षे वाईट असण्याची संभाव्यता किती? दोन अपत्यांपैकी एक मुलगा आहे असे कळल्यास दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता विचारणारे कूट मार्टिन गार्डनर यांनी १९५९ मध्ये लोकप्रिय केले. वरील प्रश्न त्याच घडणीचा असून गार्डनर यांनीही पुढे आपला प्रश्न संदिग्ध असल्याचे मान्य केले होते.

वर्षे स्वतंत्र मानल्यास दोन्ही वाईट असण्याची संभाव्यता १/१६, नेमके एक वाईट असण्याची ६/१६ व दोन्ही चांगली असण्याची ९/१६ आहे. दोन वर्षांच्या सर्व नोंदी चाळून ‘निदान एक वर्ष वाईट होते’ एवढेच निश्चित केले असेल, तर ७/१६ पैकी १/१६, म्हणजे १/७ हे उत्तर येते. परंतु दोहोंपैकी एका वर्षाची पर्जन्यनोंदवही यदृच्छया उघडली व ते वर्ष वाईट निघाले असेल, तर दुसऱ्या वर्षाविषयी नवी माहिती काहीच मिळालेली नसते. म्हणून उत्तर १/४ राहते. दोन्ही प्रसंगी सांगणारा ‘एक वर्ष वाईट होते’ हेच वाक्य उच्चारतो. उत्तर त्या वाक्यावरून नव्हे, तर ते वाक्य ज्या कृतीतून निघाले तीवरून ठरते. दुष्काळाची आठवण राहते व त्याची नोंद होते, चांगल्या वर्षाची तितकीशी होत नाही; त्यामुळे लोकस्मृतीवरून किंवा बातम्यांवरून काढलेल्या प्रमाणांत ही अडचण नेहमीच असते.

आता स्वातंत्र्याचे गृहीतक सोडून द्यावे. दीर्घकालीन प्रमाण १/४ च ठेवून, वाईट वर्षानंतर पुन्हा वाईट वर्ष येण्याची संभाव्यता २/५ आणि चांगल्या वर्षानंतर वाईट वर्ष येण्याची १/५ मानली, तर दोन्ही वर्षे वाईट असण्याची संभाव्यता १/१० व निदान एक वाईट असण्याची २/५ येते. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर १/७ ऐवजी १/४ होते. पहिले वर्ष वाईट होते असे निश्चित माहीत असल्यास दुसऱ्याची संभाव्यता २/५ होते. महाराष्ट्रात १९७०–७३ या काळात अवर्षणाची वर्षे लागोपाठ आली. २०१४ व २०१५ ही वर्षेही तशीच गेली. अशा जोड्यांवरून वर्षे परस्परावलंबी आहेत असे सिद्ध होत नाही, कारण स्वतंत्र वर्षांतही जोड्या पडतातच. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने वाईट वर्ष स्वतः स्वतंत्र असले तरी त्याचा परिणाम स्वतंत्र नसतो. पहिल्या वर्षी बियाणे खाल्ले जाते, बैल विकले जातात व विहिरीचे पाणी खोल जाते. दुसरे वर्ष तेवढेच वाईट असूनही अधिक जाचते.

तीन जागांचे कूट : स्टीव्ह सेल्व्हिन यांनी १९७५ मध्ये मांडलेले आणि १९९० मध्ये मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांच्या स्तंभामुळे जगभर गाजलेले तीन दारांचे कूट विहिरीच्या रूपाने मांडता येते. अ, ब व क या तीन जागांपैकी नेमक्या एकीस पाणी आहे आणि तिन्ही समसंभाव्य आहेत. शेतकऱ्याने अ ही जागा निवडली. त्यानंतर ब कोरडी असल्याचे कळले. आता अ व क यांपैकी कोणती जागा अधिक चांगली?

शेजाऱ्याने ब व क यांपैकी ब ही जागा यदृच्छया खोदली व ती कोरडी निघाली असेल, तर अ व क यांची संभाव्यता प्रत्येकी १/२ होते. परंतु पाणी कोठे आहे हे जाणणाऱ्या व्यक्तीला ‘ब व क यांतील एक कोरडी जागा दाखवा’ असे विचारले आणि तिने ब दाखविली असेल, तर अ ची संभाव्यता १/३ च राहते व क ची २/३ होते; कारण क ला पाणी असल्यास तिला ब च दाखवावी लागते. यातही ब व क दोन्ही कोरड्या असताना ती व्यक्ती दोहोंपैकी कोणतीही सारख्याच शक्यतेने दाखविते, हे गृहीत आहे. शक्य असेल तेव्हा ती नेहमी ब च दाखवीत असेल, तर उत्तर पुन्हा १/२ येते.

सर्वांत मोठे गृहीतक मात्र प्रश्नाच्या पहिल्याच वाक्यात आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकात पाणी मुख्यतः झिजलेल्या थरात व भेगांत साठते. ‘तिन्हींपैकी नेमक्या एकीस’ असा नियम भूगर्भ पाळत नाही. प्रत्येक जागेस स्वतंत्रपणे १/३ संभाव्यतेने पाणी असेल, तर ब कोरडी निघाल्याने अ किंवा क विषयी काहीच कळत नाही. तिन्ही जागा एकाच भेगेवर असतील, तर ब कोरडी निघणे हे इतर दोहोंविरुद्धचे प्रमाण ठरते. म्हणजे शेजारची विहीर कोरडी निघाल्यावर आपल्या जागेविषयीची आशा वाढावी, तशीच राहावी किंवा घटावी, हे केवळ गणितावरून ठरत नाही. खडकाविषयी काय मानले आहे यावरून ते ठरते.

दोन तालुके व विमा : बारामती व इंदापूर यांपैकी प्रत्येकात वाईट वर्षाची संभाव्यता १/४ असेल, तर एकाच वर्षी दोन्हींत पीक बुडण्याची संभाव्यता किती? तालुके स्वतंत्र मानल्यास १/१६, पूर्णतः एकमेकांशी बांधलेले मानल्यास १/४. दोन्ही तालुके एकाच पर्जन्यछायेत असल्याने खरे उत्तर यांच्या दरम्यान कोठेतरी असणार. ज्याने दोन्हीकडे उधारी दिली आहे किंवा दोन्ही ठिकाणचा विमा उतरविला आहे, त्याच्या दृष्टीने या दोन उत्तरांतील अंतर चौपट आहे. विम्याचे सामान्य गणित धोके पुष्कळसे स्वतंत्र असतात या गृहीतकावर उभे असते. आगीच्या बाबतीत ते बव्हंशी खरे असते. अवर्षणाच्या बाबतीत नसते.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर (१९२०–९५) यांनी १९७० नंतरच्या दशकात पीक विम्यासाठी क्षेत्र-पद्धतीचा पुरस्कार केला. तीत प्रत्येक शेताचे नुकसान न मोजता पीककापणी प्रयोगांवरून ठरलेल्या क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून भरपाई देतात. प्रायोगिक योजना १९७९ मध्ये व सर्वंकष पीक विमा योजना १९८५ मध्ये या तत्त्वावर सुरू झाली. वैयक्तिक पाहणीचा खर्च व लबाडीचा धोका यांतून ही पद्धती सुटका करते. मात्र क्षेत्रातील शेते सारख्याच प्रकारे पिकतात व बुडतात, हे तिचे गृहीतक असते. पाऊस एका शिवारात पडून शेजारच्या शिवारात पडत नाही अशा प्रदेशात पीक बुडूनही भरपाई न मिळणे किंवा पीक येऊनही ती मिळणे, असे दोन्ही प्रकार संभवतात. क्षेत्र जितके लहान घ्यावे तितका हा दोष कमी होतो आणि पीककापणी प्रयोगांचा खर्च वाढतो.

स्थिरतेचे गृहीतक : गतवर्षांतील प्रमाण पुढेही टिकेल हे गृहीतक सर्वांत सहजपणे स्वीकारले जाते. त्याचे परिणाम या तालुक्यांच्या इतिहासात दिसतात. १८३० च्या सुमारास आर. के. प्रिंगल यांनी पुणे जिल्ह्यात जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाच्या अंदाजावरून ५५ टक्के सारा ठरविला. तो न झेपल्यामुळे थकबाकी वाढली व जमिनी पडीत राहिल्या. म्हणून १८३५ मध्ये एच. ई. गोल्डस्मिड व जी. विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली आणि १८३६ मध्ये तेथे कमी दराचा सारा तीस वर्षांसाठी ठरविण्यात आला. पुढे मुंबई इलाख्यात पसरलेल्या जमाबंदी पद्धतीचा प्रारंभ येथे झाला.

दर कमी असला तरी सारा चांगल्या-वाईट वर्षी सारखाच होता. चांगल्या वर्षी उरलेले वाईट वर्षी उपयोगी पडेल, असे त्यात अभिप्रेत होते. हे सरासरीचे गृहीतक आहे आणि सरासरी वर्षांचा क्रम सांगत नाही. वाईट वर्षाची संभाव्यता १/४ व वर्षे स्वतंत्र मानल्यास तीस वर्षांत लागोपाठ दोन वाईट वर्षे निदान एकदा येण्याची संभाव्यता सु. ७९ टक्के येते. ही जोडी मुदतीच्या आरंभीच, शिल्लक साठण्यापूर्वी आली, तर सारा सावकाराच्या पैशातून भरावा लागतो. नंतरची चांगली वर्षे सरासरी भरून काढतात. व्याज भरून काढतातच असे नाही.

तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये इंदापूर तालुक्याचा सारा निम्म्याहून अधिक वाढविण्यात आला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाला आलेली तेजी व रेल्वेची कामे यांमुळे त्या दशकात शेतमालाचे भाव चढलेले होते. हे भाव टिकतील असे मानले गेले, ते उतरले. १२ मे १८७५ रोजी तत्कालीन भीमथडी तालुक्यातील व आता बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी सावकारांविरुद्ध दंगा झाला व दख्खनच्या दंग्यांस तेथून प्रारंभ झाला. दंग्यांच्या अनेक कारणांत साऱ्याच्या वाढीस किती महत्त्व द्यावे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि तेजीच्या काही वर्षांचा नमुना पुढील तीस वर्षांसाठी प्रातिनिधिक मानण्यातील धोका या उदाहरणात स्पष्ट दिसतो. त्यापाठोपाठ १८७६–७८ चा मोठा दुष्काळ पडला व १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला.

हाच प्रश्न पाणीवाटपात निराळ्या रूपाने येतो. नीरा व भीमा या कृष्णेच्या खोऱ्यातील नद्या आहेत. कृष्णा पाणी तंटा लवादाने (बच्छावत लवाद) १९७३ मध्ये ७८ वर्षांच्या नोंदींवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे चारांपैकी तीन वर्षी निदान एवढे मिळेल असे, पाणी २,०६० अब्ज घ. फुट ठरविले. दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये १९६१-६२ ते २००७-०८ या ४७ वर्षांच्या नोंदी घेतल्या. त्यांवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २,१७३ अब्ज घ. फुट, ६५ टक्के विश्वासार्हतेचे २,२९३ व सरासरी २,५७८ अब्ज घ. फुट निघाले. नदी तीच व ७५ टक्के ही अटही तीच. नोंदींचा काळ निराळा घेतल्याने उत्तरात ११३ अब्ज घ. फुटांचा फरक पडला. ७५ ऐवजी ६५ टक्के स्वीकारल्यास वाटपासाठी अधिक पाणी दिसते. परंतु ते न मिळण्याची वर्षेही वाढतात आणि त्यांचा भार कालव्याच्या शेपटाकडील गावांवर प्रथम पडतो.

गृहीतकांची तपासणी : अध्याहृत गृहीतके टाळता येत नाहीत, कारण त्यांच्यावाचून कोणतीही संभाव्यता काढता येत नाही. ती उघड मात्र करता येतात. घटना कोणत्या व्याख्येने ठरली, समसंभाव्यता कशावरून मानली, स्वातंत्र्यास आधार काय, माहिती कोणी व कोणत्या रीतीने निवडली आणि नोंदींचा काळ प्रातिनिधिक आहे काय, हे प्रश्न उत्तराआधी विचारावे लागतात. यानंतर एकेक गृहीतक बदलून उत्तर किती हलते ते पाहतात. उत्तर फारसे हलले नाही, तर त्यावर विसंबता येते. वरील दोन वर्षांच्या उदाहरणाप्रमाणे ते १/७ पासून २/५ पर्यंत हलत असेल, तर एकच आकडा सांगण्यापेक्षा तो कोणत्या अटीवर अवलंबून आहे हे सांगणे अधिक उपयुक्त असते. संभाव्यतेच्या उत्तरासोबत त्याची गृहीतके नोंदविणे हा म्हणून त्या उत्तराचाच भाग मानतात.